तीन थंबनेल आणि एक आळूवडी

मावशीच्या यूट्यूबवरच्या रेसिपी चॅनेलची थंबनेल्स, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारी चित्रं, मी बनवते हे आता अख्ख्या खानदानाला माहितीये, त्यामुळे बारशाला जा, मुंजीला जा, कुणीतरी गाठतंच. अगं थंबनेलमध्ये काय टाकलं की व्ह्यूज येतात? लाल बाण टाकू का? पिवळी अक्षरं चालतात का? मी सांगते टेस्ट लाव, मग पुढचा अर्धा तास टेस्ट म्हणजे काय ते सांगण्यात जातो, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायची जागा) २०२४ पासून थंबनेलचं ‘टेस्ट अँड कंपेअर’ आलंय. एका व्हिडिओला जास्तीत जास्त तीन थंबनेल द्यायची, यूट्यूब ती एकाच काळात वेगवेगळ्या लोकांना दाखवतं, आणि दोन आठवड्यांपर्यंत हे चालू राहतं. शॉर्ट्सला ही सोय नाही. आणि हो, तिन्ही थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलची ठेवा, कारण एक जरी त्याहून लहान असलं तर टेस्टमधली सगळीच ४८०पी या कमी रिझोल्यूशनवर उतरवतात आणि मग अक्षरं धुरकट दिसतात.

यातलं ‘एकाच काळात’ हे खरं महत्त्वाचं. आधी लोक काय करायचे, व्ह्यूज कमी वाटले की थंबनेल हातानेच बदलायचे आणि आठवड्याने बघायचे काही फरक पडला का. आता उकडीच्या मोदकाचा व्हिडिओ घ्या. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही त्यावर नुसता पातेल्याचा फोटो टाकलात तरी व्ह्यूज वर जाणार, कारण अख्खा महाराष्ट्र तेव्हा तेच शोधत असतो, आणि तुम्ही मात्र खूश की वा काय थंबनेल जमलंय! उलटही होतं. व्हिडिओ चालायला लागला की यूट्यूब तो चॅनेल माहीत नसलेल्या लोकांपुढेही नेतं, ते साहजिकच कमी क्लिक करतात, सीटीआर (थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं) पडतो आणि माणूस घाबरून चांगलं चाललेलं थंबनेल काढून टाकतो. (निम्म्या चॅनेल्सचा सीटीआर २ ते १० टक्क्यांत असतो असं यूट्यूबच सांगतं, तेव्हा ४ टक्के बघून रडायचं काही कारण नाही.)

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. या टेस्टमध्ये जिंकणारं थंबनेल क्लिकवर ठरत नाही, वॉच टाइमवर ठरतं. म्हणजे कोणत्या थंबनेलवरून आलेल्या लोकांनी एकूण जास्त वेळ व्हिडिओ बघितला, त्याचा टक्क्यांत वाटा दाखवतात, बस. कुणाला किती क्लिक पडले ते वेगळं मिळत नाही. मला हे आवडतं कारण डोळे फाडलेला चेहरा आणि ‘हे बघून धक्का बसेल’ लिहून क्लिक आणता येतात, पण आळूवडीत धक्का कसला बसणार, माणूस दहा सेकंदात निघून जातो. मिस्टरबीस्टसारख्या बड्या अमेरिकन यूट्यूबरने २०२३ मध्ये सांगितलं होतं की उघड्या तोंडाऐवजी तोंड मिटलेली थंबनेल टेस्ट केली तर वॉच टाइम वाढला. त्याचे व्ह्यूज बघता त्याची टेस्ट आपल्यापेक्षा फार लवकर निकाल देत असणार, ते सोडा.

तर आळूवडी. तीन थंबनेल केली. एकात तळलेल्या खुसखुशीत वड्यांची प्लेट, एकदम झकास फोटो. दुसऱ्यात मावशीचा चेहरा आणि ‘घसा खाजणार नाही’. तिसऱ्यात वाफवलेला उंडा सुरीने कापताना, आतले पानांचे आणि पिठाचे थर दिसतायत, तळण नाहीच. माझी पैज प्लेटवर होती. मावशी म्हणाली, “अगं, प्लेट बघून खाणारा येईल, करणारी बाई थर बघते.” निकालात तिसरं पुढे आलं. म्हणून लगेच पनीरपासून पुरणपोळीपर्यंत सगळीकडे सुरी दाखवायची का? नाही ना. हा निकाल त्या एका व्हिडिओचा, आणि का जिंकलं ते कुठे लिहून येत नाही, मावशीचं म्हणणं हा फक्त एक अंदाज आहे (ती तसं मानत नाही).

माझं ठाम मत एवढंच की तीन थंबनेल म्हणजे तीन वेगळे विचार पाहिजेत. लोक तोच फोटो ठेवतात, एकात निळा बॅकग्राउंड, एकात हिरवा, एकात बाण, आणि मग निकाल येतो की तिन्ही सारखीच चालली. सारखीच चालणार, ती सारखीच आहेत!

मराठीत अक्षरांची वेगळी कटकट आहे. वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, आणि मोबाईलवर ‘कुरकुरीत’ वाचताच येत नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यात तर व्हिडिओची लांबी दाखवणारा काळा चौकोन बसतो, तिथला शब्द गेलाच समजा. मी तीन-चार शब्दांच्या वर जातच नाही, आणि फोटो अगदी छोटा करून हात लांब धरून वाचता येतो का बघते. मावशीला चष्म्याशिवाय वाचता आलं तर पास.

व्हिडिओत नाही ते थंबनेलवर टाकायचं नाही, टेस्टसाठीसुद्धा नाही. भारतात असल्या फसव्या टायटल-थंबनेलवर, विशेषतः बातम्यांच्या बाबतीत, कारवाई कडक करणार असं यूट्यूबने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. रेसिपीवाल्यांना त्याचा धाक कमी, पण ‘दोन मिनिटांत श्रीखंड’ लिहिणाऱ्यांना खाली कमेंटमध्ये बायका सोडत नाहीत.

छोट्या चॅनेलला निकाल बऱ्याचदा लागतच नाही, बघणारेच कमी, फरक दिसणार कुठून. तेव्हा पहिल्या नंबरला अपलोड केलेलं थंबनेल कायम राहतं. म्हणून पहिल्या जागी मी आमचं दोघींचं आवडतं टाकते, प्रयोग दुसऱ्या-तिसऱ्या जागी. सध्या अळीवाच्या लाडवांची टेस्ट चालू आहे, त्यात ‘दोघींचं आवडतं’ ठरवण्यातच एक संध्याकाळ गेली कारण मावशीला वाटीतले भिजलेले अळीव दाखवायचेत आणि मला ते अजिबात बघवत नाहीत.