काट्यावरचे २४ टक्के

ऐन गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर बसला, की ओरड ऑफिसातून येत नाही, रस्त्यावरून येते. त्या दिवशी ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर पार पेट्रोलपंपापर्यंत गेली होती. एका पावतीला मिनिटभर लागत होता. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो, आणि पैसे तर वजनावर. मी काट्याच्या खिडकीशी पोचलो तसा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ओ साहेब, आमच्या उसाचं हितंच चिपाड करताय व्हय?"

हार्डवेअरचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, आमच्याकडे, सॉफ्टवेअर दुसऱ्यांचं. त्यामुळे मी जाईपर्यंत फोनाफोनीत निकाल लागून गेला होता. सॉफ्टवेअरवाल्यांनी डेटाबेसचं इंडेक्सिंग करून पाहिलं, रिमोटवरून टास्क मॅनेजर (मशीनवर किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) बघितला आणि सांगितलं, सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, २४ टक्केच वापरात आहे, मशीन रिकामं बसलंय, नेटवर्क बघा. ईडीपीतल्या, म्हणजे कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातल्या, पोरांनी केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. नवीन मशीनचं कोटेशन मागवायची भाषाही सुरू झाली होती.

मला तो २४ खटकला. कमी होता म्हणून नव्हे, हलत नव्हता म्हणून. रिकामं मशीन असं एकाच आकड्याला चिकटून बसत नाही, ते वर-खाली होत राहतं. त्याच खिडकीत खाली वेग दिसत होता, ०.७९ गिगाहर्ट्झ. प्रोसेसरचा मूळ वेग ३.३. भागाकार केला की बरोबर २४ टक्के. विंडोज १० चा टास्क मॅनेजर वापर दाखवतो तो मूळ वेगाच्या हिशोबाने. वेगच पाव झाला, तर जीव तोडून राबणारा प्रोसेसरही पाव वापरातलाच दिसणार. विंडोजच्याच परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये 'प्रोसेसर टाइम' (किती वेळ कामात) आणि 'प्रोसेसर युटिलिटी' (मूळ वेगाच्या हिशोबाने किती काम) हे काउंटर शेजारी-शेजारी लावले. पहिला शंभराला टेकलेला, दुसरा चोविसावर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, तर ३७ नंबरच्या नोंदींची रीघ होती, फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेल्या प्रोग्रामने) प्रोसेसरचा वेग रोखून धरलाय म्हणून. लॉग उघडायची तसदी कुणी घेतली नव्हती. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच.

प्रोसेसरचं तापमान नव्वदीच्या वर, म्हणून जळू नये यासाठी त्याचा वेग रोखलेला. आता बॉक्स उघडणं आलं, आणि काटा क्लार्क काही केल्या बंद करू देईना. "गाड्या कुठं घालू मी?" त्याचंही खरंच होतं. शेवटी पाळी बदलताना गाड्या दुसऱ्या काट्याकडे वळवल्या आणि अर्धा तास पदरात पडला.

कॅबिनेट जमिनीवर, दाराच्या तोंडाशी. साइड पॅनल काढलं तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्या दिसतच नव्हत्या. बॉयलरची काजळी, बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) तंतू, ट्रॅक्टरचा धूर, सगळं दाबून त्यावर काळा नमदा बसला होता. तो चिमट्याने अख्खा उचलून आला. क्लार्कने तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. पंख्याच्या एका पात्यात तंतू गुंतून तो जेमतेम फिरत होता. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारला (नाहीतर हवेने तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं). प्रोसेसर आणि हीटसिंकमधली, वाळून भुगा झालेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लावली. एसएमपीएसमधूनही (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातूनही) मूठभर कचरा निघाला.

मशीन चालू केलं. पूर्ण लोडवर तापमान ६६, वेग ३.३ च्या वर. पावती चार-पाच सेकंदांत. तरी मधूनच एखादी अडकत होती. ते मात्र अँटीव्हायरसचं काम, प्रत्येक नोंदीला डेटाबेसचं फोल्डर तपासत बसलेला. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारून तेवढं फोल्डर वगळलं. कॅबिनेट भिंतीवरच्या फळीवर चढवलं आणि हंगाम संपेपर्यंत दर पंधरवड्याला ब्लोअर मारायचं रजिस्टरात लिहून क्लार्कची सही घेतली.

रांग सरकल्यावर दुसऱ्या काट्याचंही मशीन तपासलं. त्यात थर पातळ होता, पण इव्हेंट ३७ च्या नोंदी तिथेही सुरू झाल्या होत्या.