सावली कधी मिळणार?

अंगणातला ओक पाहिला की घरी येणारे बहुतेक जण विचारतात, "याला मोठं व्हायला शंभर वर्षं लागतात म्हणे. तुम्हाला सावली कधी मिळणार? मेपल का नाही लावलंत?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्ही ओक लावला तो पाखरांसाठी, आणि झाड कमरेएवढं होतं तेव्हापासूनच ती येऊ लागली. इथे न्यू जर्सीत चिकडी नावाचा मुठीत मावेल एवढा पक्षी आहे. एका विणीची पिल्लं उडती होईपर्यंत नर-मादी त्यांना हजारो अळ्या भरवतात. या भागात ओकवर पतंग-फुलपाखरांच्या ५००हून अधिक जातींच्या अळ्या वाढतात; इतर कुठल्याही झाडावर एवढ्या नाहीत. मे महिन्यात ओकचं पान उलटून बघा. कडा कुरतडलेली असते आणि शेजारच्या डहाळीवर एखादी अळी काटकीसारखी ताठ उभी असते, हलली तरच दिसते. कृपा करून त्यावर फवारणी करू नका. एवढ्याने झाडाचं काही बिघडत नाही.

आमचा व्हाइट ओक, गोलसर कंगोऱ्यांच्या पानांचा. लावायचा असेल तर शरदात गळलेल्या ताज्या बिया आणा आणि पाण्यात टाका. तरंगतील त्या सोडून द्या, बहुतेक किडक्या असतात. उरलेल्या सुकू न देता लगेच इंचभर खोल आडव्या पेरा, कारण व्हाइट ओकच्या बीला त्याच शरदात मूळ फुटतं. टोकदार पानांच्या रेड ओकच्या बीला मात्र आधी हिवाळाभर थंडी लागते. पहिल्या वर्षी वर मोजकीच पानं दिसतात, पण खाली सोटमूळ खोल उतरलेलं असतं. म्हणून उथळ कुंडी नको, शक्यतो कायमच्या जागीच पेरा, घरापासून चांगलं लांब. खारी बी उकरतात, हरणं शेंडा खातात, तेव्हा तारेची जाळी हवीच.

पुढे काळजी थोडीच. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी. मल्च, म्हणजे लाकडाच्या चुऱ्याचा किंवा पाल्याचा थर, बुंध्याभोवती घाला, पण खोडाला टेकवून ढीग करू नका, खोड कुजतं. इथे दर दुसऱ्या अंगणात तसे ढीग दिसतात आणि मला फार वाईट वाटतं. छाटणी फक्त हिवाळ्यात, कारण वसंतात ताज्या जखमेवर येणारे भुंगेरे ओक विल्ट हा रोग पसरवतात.

आणि सावली? झाड वर्षाला साधारण फूटभर वाढतं. पंधरा-वीस वर्षांत खाली खुर्ची टाकता येते. न्यू जर्सीतल्याच बास्किंग रिज गावच्या चर्चच्या आवारातला व्हाइट ओक सुमारे ६०० वर्षांचा मानला जायचा. तो वाळला आणि २०१७ साली उतरवला, पण त्याच्याच बीपासून वाढवलेलं झाड तिथे लावलंय.

एक राहिलं. ओकखालची पानं पिशव्यांत भरून बाहेर ठेवू नका. बऱ्याच अळ्या खाली उतरून त्याच पाचोळ्यात कोष करतात.