'होपफुली'पासून 'बाउंड टु'पर्यंत

इंग्रजीत आशा आणि खात्री यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि बोलणारा त्यांतल्या कोणत्या पायरीवर उभा आहे हे एका शब्दावरून कळते. 'इट शुड बी फाइन' यातला 'शुड' कर्तव्य सांगत नाही, तर 'बहुधा सगळे ठीक होईल' असा दिलासा देतो. शाळेत 'शुड' म्हणजे 'पाहिजे' असे पाठ केल्यामुळे हा अर्थ मला फार उशिरा उमगला. 'बाउंड टु' त्याहून कितीतरी ठाम आहे. 'शी इज बाउंड टु पास' म्हणजे ती उत्तीर्ण होणारच, आणि आपल्या 'च'चे सारे बळ त्यात उतरले आहे.

मला जिव्हाळा वाटतो तो 'होपफुली'चा. 'आशेने' हा त्याचा जुना अर्थ. 'होईल अशी आशा आहे' या अर्थाने तो वापरणे अनेक संपादकांना खटकत असे, आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखननियमांत त्या अर्थाला मान्यता मिळाली ती २०१२ मध्ये. एकदा कामाच्या ईमेलमध्ये मी 'होपफुली बाय फ्रायडे' असे लिहिले, तेव्हा काम जवळजवळ पूर्ण झालेले असूनही समोरच्यांनी ते अनिश्चित धरले. तिथे 'आय अ‍ॅम कॉन्फिडंट' असे लिहायला हवे होते.