मीटर खोटा की बॅटरी खोटी?

पाऊस लागला की म्हापशात रेंट-अ-कारच्या गाड्या उभ्या राहतात आणि उतरलेल्या बॅटऱ्या माझ्या दारात येतात. त्या आम्ही डोळे मिटून चार्जिंगला लावतो. परवाची हॅचबॅक मात्र चालती होती, फक्त सेल्फ रडत होता. बॅटरीवर ब्लूटूथ मॉनिटर बसवलेला. मालकाच्या मोबाईलवर लाल अक्षरांत : सेल्फ मारताना ८.७ व्होल्ट, बॅटरी खराब.

"मिस्त्री, मीटर खोटा की बॅटरी खोटी, तेवढं सांग. नवी घ्यायची तर आजच घेतो."

आधी मीटर सोडवून टेबलावरच्या पॉवर सप्लायला जोडला, शेजारी माझा मल्टीमीटर. ११, १२, १२.६, १४.४ असा चढवत नेला. फरक कुठेच ०.०३ व्होल्टच्या वर नाही. एवढ्याशा डबीकडून मी इतकी अपेक्षा केली नव्हती. त्यातल्या टक्केवारीवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. इंजिन बंद केल्या केल्या १३ व्होल्ट दिसतात आणि ॲप १०० टक्के सांगून मोकळं होतं. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी बघा : १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी.

मीटर परत बसवला. पोऱ्याला सेल्फ मारायला सांगून मल्टीमीटरचे प्रोब क्लॅम्पवर, म्हणजे टर्मिनलवर आवळलेल्या वायरीच्या पकडीवर धरले. ८.७. मग तेच प्रोब क्लॅम्प सोडून मधल्या शिशाच्या टर्मिनलवर टेकवले. १०.४! बॅटरी ठणठणीत. पावणेदोन व्होल्ट टर्मिनल आणि क्लॅम्पच्या मध्येच गडप. क्लॅम्प उघडला तर आतून पांढरट-हिरवी खरपुडी; बाहेरून काही दिसत नव्हतं. खाऱ्या हवेत उभ्या गाडीचं हे नेहमीचंच. सोड्याचं गरम पाणी, तारेचा ब्रश, वरून पेट्रोलियम जेली. आता दोन्हीकडे १०.२.

गेल्या पावसाळ्यात एका दुकानदाराने याच गाडीला नवी बॅटरी गळ्यात मारली होती, क्लॅम्प न घासता. तेव्हा मालकाने मुकाट पैसे मोजले. माझ्या दोनशे रुपयांना मात्र तोंड वाकडं.

आता त्याला सगळ्या गाड्यांना हे मीटर लावायचेत, आणि मी अडलोय तो वायरींच्या जागेवर. थेट टर्मिनलवर लावल्या तर बॅटरीचा खरा आकडा मिळेल, पण ही खरपुडी कधीच दिसणार नाही. क्लॅम्पवर लावल्या तर दिसेल, पण ॲप दर वेळी बॅटरीलाच चोर ठरवेल. या गाडीत तरी क्लॅम्पवरच ठेवल्यात. मालकाला बजावलंय, लाल अक्षरं दिसली की दुकानात जाण्याआधी माझ्याकडे ये.