कोकमतेलाच्या नोंदी : जूनपासून फेब्रुवारीपर्यंत

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की यंदा बाजारातले मुठेल, म्हणजे घट्ट कोकमतेलाचे गोळे, न घेता रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांपासून तेल घरीच काढायचे. वेंगुर्ल्याला आत्याकडे मे महिन्यात आमसुले आणि आगळ करून झाल्यावर ज्या बिया उरतात, त्यांतल्या दीड किलो वाळवलेल्या बिया मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला आणल्या. काही बियांना गराचा चिकट थर राहून गेला होता आणि पावसाळी हवेत त्यांना बुरशी धरू लागली होती. त्या वेगळ्या काढून टाकल्यावर वापरण्याजोग्या बिया सव्वा किलोच्या आसपास उरल्या. पुढच्या वर्षासाठी माझी स्वतःलाच सूचना अशी आहे की बिया दोनतीन पाण्यांतून चोळून धुवाव्यात आणि हलवल्यावर आतला गर खुळखुळेपर्यंत कडक उन्हात वाळवाव्यात.

जुलैत त्यांतल्या एक किलो बियांचे तेल काढले. बिया आधी खलबत्त्यात ठेचल्या, मग मिक्सरमध्ये थांबून थांबून भरड केल्या, कारण सलग फिरवल्यास गर तापून भांड्याला लोण्यासारखा चिकटतो. ही भरड चौपट पाण्यात घालून मोठ्या टोपात मंद आचेवर ठेवली. मी सारखी पळी फिरवत होते तेव्हा आत्याने फोनवर सांगितले, "कढ इलो काय ढवळू नको, तेल आपसूक वर येता." तसे केल्यावर अर्ध्या तासात पाण्यावर पिवळसर तेलाचे डोळे दिसू लागले आणि हळूहळू एकमेकांत मिसळून त्यांचा सलग थर झाला. टोप रात्रभर झाकून ठेवला. सकाळी वर फिकट राखाडी रंगाची कडक चकती जमली होती आणि सुरीच्या टोकाने उचलताच ती अखंड निघाली. पहिल्या उकळीत १३० ग्रॅम आणि तीच भरड पुन्हा उकळल्यावर ३५ ग्रॅम, असे एकूण १६५ ग्रॅम तेल मिळाले. कोकमाच्या बीमध्ये साधारण २३ ते २६ टक्के तेल असते, म्हणजे बराच भाग चोथ्यातच राहिला. घाण्याशिवाय एवढे निघाले, यात मला समाधान आहे.

चूक झाली ती यानंतर. पहिली चकती मी वरवर पुसून तशीच बरणीत ठेवली आणि सहा आठवड्यांनी झाकण उघडल्यावर खवट वास आला. चकतीच्या खालच्या अंगाला पाणी आणि भरडीचा बारीक गाळ अडकलेला होता. कोकमतेल स्वभावतः टिकाऊ आहे, परंतु आत पाणी राहिल्यास त्या टिकाऊपणाचा उपयोग होत नाही. दुसऱ्या उकळीतले तेल मी पुन्हा वितळवून दुहेरी मलमलीतून गाळले आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत मंद आचेवर कोरडे केले. उरलेल्या पाव किलो बियांतून निघालेल्या ४० ग्रॅम तेलालाही हीच रीत लावली. फेब्रुवारीतही या दोन्ही तेलांना खवटपणाचा लवलेश नाही. खाली लिहिलेले सर्व प्रयोग याच ७५ ग्रॅम तेलातून केलेले आहेत.

हे तेल त्वचेसाठी नेमके काय करते, याविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्याच्या नावावर बरेच अवास्तव दावे खपवले जातात. कोकमाच्या सालीतले गार्सिनॉल किंवा हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल यांचे गुण सांगून बियांचे तेल विकणे योग्य नाही, कारण साल आणि बी यांचे घटक वेगळे आहेत. तेलात सुमारे ५० ते ६० टक्के स्टिअरिक आम्ल आणि ३५ ते ४० टक्के ओलेइक आम्ल असते, आणि ही दोन्ही मुख्यतः एकाच ठरावीक मांडणीच्या स्निग्ध रेणूंमध्ये बांधलेली असतात. म्हणूनच ते साध्या तापमानाला ठिसूळ आणि घट्ट राहते व ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान वितळते. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग यापेक्षा थंड असल्यामुळे त्यावर चोळलेले कोकमतेल लोण्यासारखे वाहून जात नाही. ते पातळ पापुद्र्यासारखे बसते आणि त्वचेतून सतत उडून जाणारे पाणी रोखून धरते. हवेने सर्वांत लवकर बिघडणारी बहुअसंतृप्त आम्ले त्यात फार कमी असल्याने ते लवकर खवट होत नाही. ओठ फुटणे, कोपर खरखरीत होणे आणि टाचांना भेगा पडणे, म्हणजे आपल्याकडे ज्याला जळवात म्हणतात, यांवर पिढ्यान्‌पिढ्या मुठेल का लावले जाते, याचा पुरेसा खुलासा एवढ्यात होतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर मिश्रणांत गेले. नुसते मुठेल टाचेवर घासले तर त्याचे कण सुटतात आणि दुखऱ्या भेगेवर ते टोचते, म्हणून त्याला पातळ तेलाची जोड हवी. निम्मे मुठेल आणि निम्मे खोबरेल घेतले, तर दुपारच्या उबेत मिश्रण अपेक्षेपेक्षा फारच मऊ पडले. ही दोन तेले एकमेकांचा घट्टपणा मोडतात, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर ४ भाग मुठेल, ५ भाग तिळाचे तेल आणि १ भाग मधमाश्यांचे मेण हे प्रमाण जमले. मात्र सावकाश थंड होऊ दिल्याने त्यात रव्यासारखे दाणे धरले. तेच मिश्रण पुन्हा ७० अंशांपर्यंत तापवून वीस मिनिटे पूर्ण वितळलेले ठेवले, मग भांडे थंड पाण्यात धरून दाटसर होईपर्यंत ढवळले आणि डबीत ओतून लगेच फ्रीजमध्ये ठेवले. या वेळी मलम गुळगुळीत झाले. बोट फिरवल्यावर त्यावर सरळ, चमकदार रेघ उमटते आणि कडा तुटत नाहीत.

जानेवारीत सलग २१ रात्री मी उजव्या टाचेला हे मलम आणि डाव्या टाचेला नुसते तिळाचे तेल लावले. दोन्ही पाय आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून फक्त टिपून घेत असे, कारण मलमाने रोखून धरायला त्वचेत ओलावा असावा लागतो. लावल्यानंतर सुती मोजे घालत असे. नवव्या रात्रीपर्यंत उजव्या टाचेच्या कडेची पांढरी, कडक किनार मऊ झाली आणि चादरीला अडकायची थांबली. डाव्या टाचेला तेवढाच फरक पडायला अठरा रात्री लागल्या. दोन खोल भेगा मात्र तशाच आहेत. एका व्यक्तीच्या दोन पायांवरचा हा प्रयोग आहे, त्याला तेवढेच वजन द्यावे. भेगांतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल, तर घरगुती मलमावर विसंबून न राहता डॉक्टरांना पाय दाखवावा.

तुलनेसाठी एका विक्रेत्याकडून मुठेलाचा गोळाही आणला होता. त्याचा तुकडा ३४ अंशांच्या पाण्यात टाकताच वितळू लागला, तर घरचा तुकडा त्याच पाण्यात अर्धा तास जसाच्या तसा राहिला. एवढ्यावरून भेसळ सिद्ध होत नाही, परंतु तो गोळा मी त्वचेला लावला नाही.

सध्या डबीत ३२ ग्रॅम मलम आणि बरणीत ४० ग्रॅम कोरडे केलेले मुठेल शिल्लक आहे. मार्चच्या उकाड्यात मलम डबीत टिकते का, हे पाहण्यासाठी एक डबी खिडकीजवळ आणि एक कपाटात ठेवली आहे. मेण १ भागावरून दीड भाग करावे लागेल असा माझा अंदाज आहे. आत्याने या वर्षीच्या बिया धुऊन वाळवून ठेवण्याचे कबूल केले आहे.