माझ्या रक्ताचा चातुर्मास

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४, सातारा

आज शाळेत बालदिन, घरात वैकुंठ चतुर्दशी आणि दुपारी दोनच्या सुमारास मोबाईलवर माझा रिपोर्ट. संध्याकाळी दवाखान्यात गेले तर तिथल्या भिंतीवर आणखी एक दिनविशेष लावलेला. जागतिक मधुमेह दिन. इन्शुलिनच्या शोधातला मोठा माणूस, फ्रेडरिक बँटिंग, १८९१ साली आजच्याच तारखेला जन्मला म्हणे. योग जुळून यावेत तर असे.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगणारी रक्ततपासणी, ६.२. जुलैत ६.१ होती.

म्हणजे चार महिने साखर सोडून पॉइंट एकनं वाढली. आता लिहिताना हसू येतंय. दुपारी ग्रंथालयात कपाटाआड उभं राहून तो आकडा वाचला तेव्हा काही आलं नव्हतं.

मागची पानं काढून वाचली. बँकेची फुकटातली डायरी आहे, प्रत्येक पानावर मुदत ठेवीची जाहिरात, पण कागद चांगला. १५ जुलै, सोमवार, कांदेनवमी. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आले, संध्याकाळी कांदाभजी, थालीपीठ, कांद्याची पीठपेरणी. घरात चातुर्मासभर कांदा-लसूण नाही, त्यामुळे त्या दिवशी शिल्लक कांदे संपवायचे असतात आणि आम्ही ते फार मनापासून संपवतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण म्हणाली, "काकू, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. डायबेटिस अजून घरात आला नाहीये, पण दारात उभा आहे." मुलगी तिशीची असेल नसेल. मला ६.१ पेक्षा 'काकू' जास्त लागलं, असं त्या दिवशीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे.

१७ जुलै, आषाढी. सासूबाई देवासमोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "यंदा काय सोडतेस गं?"

चार महिन्यांसाठी एखादी गोष्ट सोडायची, हा आमच्या घरातला जुना रिवाज. काय सोडायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. माझ्या माहेरी एक आत्या दरवर्षी न चुकता कारलं सोडायची आणि वर चार घरी सांगायची. सासूबाई वांगं सोडतात. वांगं म्हणजे त्यांचा जीव. कृष्णाकाठची वांगी बाजारात आली की पिशवी घेऊन स्वतः जातात, देठाला काटे आहेत का ते बोटानं बघतात. आणि कार्तिकीला चातुर्मास संपला तरी त्यांचं वांगं सुटत नाही. आमच्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगं घरात येत नाही, म्हणजे यंदा थेट ७ डिसेंबर.

मी म्हटलं, "आई, मी साखर सोडते."

त्यांनी मान हलवली. डायरीत त्या रात्रीची नोंद: 'आजपासून साखर बंद. चहा बिनसाखरेचा. विठ्ठल विठ्ठल.' शेवटचे दोन शब्द भक्तीचे की त्या चहाचे, हे आता आठवत नाही.

नेम मी मोडला नाही, हे इथे ठासून लिहून ठेवते. साखर सोडली म्हणजे साखर सोडली. पण गूळ कुठे सोडला होता? पुढची पानं वाचली तर ही गोष्ट फार व्यवस्थित नोंदवलेली दिसते. '७ सप्टेंबर, गणपती बसले. मोदक ५, गुळाचे.' '१४ सप्टेंबर. कंदी पेढा १. प्रसादाचा, सबब धरलेला नाही.' 'सबब' हा शब्द मी एरवी आयुष्यात वापरत नाही. पळवाट काढताना माणसाची भाषा आपोआप कोर्टाची होत असावी. '१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. अनारसे, गुळाचे.' पुढे संख्या नाही. तिथे पेन थांबल्यासारखा एक ठिपका तेवढा आहे.

शिवाय हे साताऱ्यात. इथे कंदी पेढ्याला नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवणं. कुणाचा निकाल लागला, पेढे. कुणी गाडी घेतली, पेढे. गाडी विकली तरी पेढे आणणारे एक सर आमच्या शाळेत आहेत.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंसमोर मी चिडूनच बसले. म्हटलं, मशीन चुकलं असेल. उपाशीपोटीची साखर बघा, १०८ होती, ९८ वर आलीय. ती हसली आणि कागदावर एक गोल काढला. ही रक्तातली तांबडी पेशी, म्हणाली. हिचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. रक्तात जितकी साखर फिरते तितकी ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि एकदा चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. ती चाचणी म्हणजे ही चिकटलेली साखर मोजायची. उपाशीपोटीची साखर एका सकाळचं सांगते, ही दोन-तीन महिन्यांचं.

मला ते शाळेच्या भाषेत लगेच कळलं. उपाशीपोटीची साखर म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास. एचबीएवनसी म्हणजे हजेरीपट.

पण माझं डोकं अडकलं ते १२० वर. घरी येऊन कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले. १७ जुलैची आषाढी ते १२ नोव्हेंबरची कार्तिकी, ११८ दिवस. तांबड्या पेशीचं आख्खं आयुष्य म्हणजे एक चातुर्मास! आषाढीला जन्मलेली पेशी कार्तिकीला पंढरपूरच्या गर्दीत शेवटचा श्वास घेणार. गेल्या वर्षी अधिक श्रावण आला होता, चातुर्मास २९ जूनपासून पार २३ नोव्हेंबरपर्यंत ताणला गेला. पेशींना अधिक मास नसतो, नाहीतर त्या बिचाऱ्यांनाही महिनाभर जादा काम पडलं असतं.

देव शयनीला झोपतो आणि प्रबोधिनीला उठतो. मधले चार महिने तो बघत नाही, असा माझा लहानपणी समज होता आणि त्या समजावर मी बरंच काही केलंय. चित्रगुप्त मात्र झोपत नाही, असं आजी सांगायची. त्याची वही कुठे असते, हे विचारलं की ती वर बोट दाखवायची. दिशा चुकली म्हणायची. वही दंडाच्या शिरेत आहे, आणि तीनशे-चारशे रुपये दिले की वाचूनही मिळते.

वर एक मेख आहेच. आकड्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. शेवटचा महिना म्हणजे माझी दिवाळी. रक्त दिलं १३ तारखेला, द्वादशीला. भाऊबीज ३ तारखेची. चित्रगुप्तानं ताज्या नोंदीवर जास्त मार्क ठेवलेत, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी तपासणी सर्वपित्रीलाच उरकली असती. अर्थात पितृपक्षातली खीर आहेच. आपल्याकडे रक्त तपासायला मुहूर्तच नाही.

"आणि उपवासाला काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

इथे मी थोडी गप्प बसले.

चातुर्मासातल्या नऊ एकादश्या. चार संकष्ट्या. श्रावणी सोमवार यंदा पाच, कारण श्रावण सोमवारीच सुरू झाला. हरतालिका. नवरात्राचे उठता-बसता दोन. बेरीज एकवीस, दुर्वांच्या जुडीसारखी. आणि या एकवीस दिवसांत आमच्या घरात पोट रिकामं असं कुणाचंच नव्हतं. सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचा कीस, सोबत ताक. ह्यांचा उपवास नसतो, पण फराळ असतो. 'मी तुम्हाला साथ देतो' म्हणतात, आणि साथ देणाऱ्याची वाटी नेहमी मुख्य गायकापेक्षा मोठी असते.

शंभर ग्रॅम साबुदाण्यात पिष्टमय पदार्थ ८८ ग्रॅमच्या आसपास. उरलेल्यात बहुतेक ओल. म्हणजे साखर सोडली आणि तिच्या सख्ख्या बहिणीला घरात ठेवून घेतलं. हिशेब काढायला सासूबाईंचं कॅलेंडर उपयोगी पडलं. त्या डायरी लिहीत नाहीत. कालनिर्णयाच्या चौकटीत तांबड्या पेन्सिलीनं लिहितात: 'दूध २', 'सिलिंडर लावला', 'पाऊस', 'साबु. १ किलो'. जुलै ते नोव्हेंबर पानं उलटली. साबुदाणा साडेसहा किलो. मी चारदा मोजलं. चार महिन्यांच्या बाळाइतका साबुदाणा आम्ही देवासाठी खाल्ला.

साबुदाणा हा काही झाडाला लागणारा दाणा नव्हे. तो एका कंदाच्या पिठाचा, आणि तो दळून, गोळ्या करून आपल्याकडे बराचसा येतो तमिळनाडूतल्या सेलमकडून. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरची त्याच्याही वरची, मेक्सिकोकडची. राजगिराही अमेरिकेतलाच. पोर्तुगीज जहाजं आली तेव्हा हे सगळं हळूहळू उतरलं. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींनी एकादशीला खिचडी खाल्लेली असणं शक्यच नाही. त्या काळी उपवास म्हणजे खरोखर उपवासच असावा, या विचारानं मला त्यांच्याबद्दल एकदम नवाच आदर वाटला. गंमत अशी की हळद आणि मोहरी इथल्या मातीतल्या, त्या उपवासाला चालत नाहीत. जे समुद्रापलीकडून आलं ते पवित्र, जे परसातलं ते वर्ज्य. कोथिंबिरीचा तर निकालच नाही. माहेरी चालत नव्हती, सासरी चालते. लग्न झाल्यावर पहिल्या एकादशीला ताटात कोथिंबीर बघून मला वाटलं होतं, इथे मजा आहे.

मी हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. फक्त 'थोडी खिचडी' म्हटलं. ती म्हणाली, "काकू, उपवास करा की. पण उपवासाला खाऊ नका."

चालण्याचं मात्र माझं खरं आहे. दर मंगळवारी बोगद्याजवळच्या खिंडीतल्या गणपतीला पायी जाते, एरवी अजिंक्यताऱ्याच्या वाटेनं जमेल तितकं वर. मंगळाईपर्यंत दम न लागता पोचले त्या दिवशीची नोंद तीन उद्गारचिन्हांची आहे. मोबाईल पावलं मोजतो. प्रदक्षिणा घालताना तो खिशात असावा की नाही, यावर मी मनाशी बराच खल केला आणि शेवटी ठेवला. देवाचं पुण्य देवाकडे, पावलं माझ्याकडे. सासूबाई म्हणतात, "किती चाललो ते त्या डबीला कशाला सांगायचं? पाय सांगतात की."

सकाळी शाळेत पाचवीतला एक मुलगा ग्रंथालयाच्या दारात येऊन उभा राहिला. हातात चॉकलेट. "मॅडम, हॅपी बालदिन." मी म्हटलं, अरे, आज तुमचा दिवस, तूच खा. तर म्हणाला, "माझी दोन झाली. आई म्हणते तिसरं खाल्लं की जंत होतात." जंत व्हायचे तर मॅडमला होऊ देत, हा साधा हिशेब. घेतलं. अजून पर्समध्ये आहे. साखर माझी परवा कार्तिकीला सुटली. नेम संपला, त्यामुळे आता खायला हरकत नाही, आणि रिपोर्ट आला, त्यामुळे हरकत आहे.

आज वैकुंठ चतुर्दशी. हरी आणि हर भेटतात, म्हणून आज विष्णूला बेल वाहायचा आणि शंकराला तुळस. एरवी असं कुणी करत नाही. वर्षातून एक रात्र देवसुद्धा एकमेकांचं पथ्य मोडतात, असं मी मघाशी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "म्हणजे चॉकलेट अर्धं अर्धं का?" माणूस साथीला कायम तयार.

जेवणं झाल्यावर रिपोर्टचं सगळं सासूबाईंना सांगितलं. १२० दिवस, पेशी, चिकटणं, साडेसहा किलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, म्हणतील गूळ कशाला खाल्लास. काहीच बोलल्या नाहीत. चष्मा लावला, पेन्सिल शोधली आणि कॅलेंडरपाशी गेल्या.

आत्ता झोपण्याआधी दिवा घालवायला गेले तेव्हा बघितलं. आजच्या चौकटीत लिहिलंय: 'सूनबाई ६.२. साबु. बंद.' आणि २६ तारखेच्या चौकटीत, तिथे पुढची एकादशी आहे: 'रताळी २ किलो.'