कूलरच्या ताटीवरचा पोपडा

२५ मे, नागपूर

नवतपा लागला. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या ताट्या खालच्या कडेला पांढऱ्याफटक पडल्यात. नखानं खरवडलं की पोपडा सुटतो, त्यावर लिंबू पिळलं की फसफसतो. म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट. आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट, शिकवताना दरवेळी मीठच का पुढे करतात कोण जाणे. उन्हाळ्यात इथं घरोघरी हा नमुना खिडकीत टांगलेला असतो.

कॅल्शियमच्या अणूत २० प्रोटॉन आणि २० इलेक्ट्रॉन, आतून बाहेर कवचांत त्यांची मांडणी २, ८, ८, २. शेवटचे दोन निघून गेले की इलेक्ट्रॉन उरले १८, प्रोटॉन मात्र २०च. म्हणून दोन धन. केंद्रकाला या व्यवहारात धक्काही लागत नाही. एक प्रोटॉन जरी वाढला तरी ते कॅल्शियम राहणार नाही, स्कँडियम होईल. तरी उत्तरपत्रिकेत ‘दोन प्रोटॉन मिळाले’ असं हमखास सापडतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘गमावले, म्हणून वजा दोन’. अरे, इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण आहे. उधारी गेली की खातं वर येतं.

‘अणूला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं’ हे वाक्य मात्र खटकतं. अणूला काही हवंनको नसतं, आकडे बघावेत. कॅल्शियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (अणूंच्या एका ठरावीक प्रचंड संख्येमागे) ५९० किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला ११४५ आणि तिसऱ्याला एकदम ४९१२. तिसरा आतल्या कवचातला, केंद्रकाच्या जवळचा. त्याला इतर इलेक्ट्रॉनांचा मिळणारा आडोसा कमी, केंद्रकाची ओढ जास्त. गाडी दोनवर थांबते ती म्हणून. आणि पहिले दोनही फुकट सुटत नाहीत, १७३५ किलोज्यूल मोजावे लागतात. सुट्या अणूला ते ज्योतीतून किंवा ठिणगीतून बाहेरून द्यावे लागतात. स्फटिकात धन-ऋण आयन एकमेकांना चिकटताना जी ऊर्जा सुटते, तिच्यातून हा खर्च भरून निघतो. पाण्यात रेणू आपली ऑक्सिजनची बाजू वळवून धन आयनाभोवती कोंडाळं करतात, तेव्हाही बरीच वसुली होते.

क्लोरीनचं उलट. २, ८, ७ मध्ये एक जागा रिकामी. तिथं इलेक्ट्रॉन आला की ३४९ किलोज्यूल सुटतात आणि १७ प्रोटॉनांपुढे १८ इलेक्ट्रॉन होतात. ऑक्सिजन पहिला इलेक्ट्रॉन असाच घेतो, पण दुसरा येताना आधीचा ऋण प्रभार त्याला ढकलतो. तिथं पुन्हा ऊर्जा घालावी लागते.

मनसरच्या खाणीतलं मँगनीज जरा तिरपागडं. मांडणी २, ८, १३, २. भरताना तिसऱ्या कवचातले पाच शेवटी बसतात, पण आयन होताना आधी जातात ते चौथ्यातले दोन. मँगनीज-ऑक्सिजन मिळून होणाऱ्या परमँगनेटमध्ये मँगनीजपुढे लिहितात तो अधिक सात हा निव्वळ हिशेबाचा आकडा, सात इलेक्ट्रॉन खरोखर काढून घेतलेला आयन तिथं नसतो.

पोपड्यातला कार्बोनेट आयन मोजायचा राहिला. कार्बनचे ६ आणि तीन ऑक्सिजनांचे २४ मिळून ३० प्रोटॉन, इलेक्ट्रॉन ३२. त्याच्या शेजारी कॅल्शियमचे २० आणि १८. दोन्हीकडे पन्नास-पन्नास.